वायर लावलेली आहे, तरी इंटरफेस ‘अनअव्हेलेबल’: टर्मिनलमधून काय-काय तपासावं?

वाचनालय_घाटंजी

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची मांडणी सांगतो. फायबरचा डबा, वायफाय राउटर आणि ८ पोर्टचा गिगाबिट स्विच वाचनालयातच आहेत. आवारापलीकडच्या अभ्यासिकेत एक डेस्कटॉप आहे. त्याची केबल अंदाजे ४५ मीटर, लिंबाच्या झाडाला टेकून टिनावरून गेलेली. दुसरा डेस्कटॉप स्विचच्या बाजूलाच, आणि एक जुना लॅपटॉप वायफायवर.

परवा मृगाच्या पहिल्या पावसात जोराचा कडकडाट झाला, लाइन (वीज) पाच-सहा वेळा आली-गेली. तेव्हापासून तिन्ही लिनक्स मशिनींवर नेट नाही. मोबाइलला मात्र त्याच वायफायवर नेट व्यवस्थित मिळतं.

‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ (नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामची कमांड) काय दाखवते:

एक नंबर, अभ्यासिका, डेबियन १२: ईएनपी३एस०, ईथरनेट, अनअव्हेलेबल.
दोन नंबर, स्विचजवळचा, उबुंटू २२.०४: यादीत ईथरनेटच नाही, फक्त एलओ (मशीनचा स्वतःशीच बोलणारा इंटरफेस). लाइन गेली तेव्हा यावर अपडेट चालू होतं.
लॅपटॉप, उबुंटू: डब्ल्यूएलपी२एस०, वायफाय, अनअव्हेलेबल.

तालुक्याच्या ठिकाणी विचारलं तर उत्तर आलं की वीज शिरली, तिन्हींची कार्डं बदला. खर्च करण्याआधी टर्मिनलवरून काय ठरवता येईल? कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, मशीनवर अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाइप केल्या आहेत.

रोहिणी_नक्षत्र

भाऊ, कार्डं बदलू नका. तिन्ही एकाच संध्याकाळी बंद पडली म्हणून तिन्हींचं कारण एकच आहे असं नाही. तुमच्या तीन ओळी वाचूनच तीन वेगळे आजार दिसतात.

आधी ‘अनअव्हेलेबल’ या शब्दाचा अर्थ पक्का करा. नेटवर्क मॅनेजर प्रत्येक इंटरफेसच्या अवस्थेला आकडा देतो. १० म्हणजे अनमॅनेज्ड: इंटरफेस दिसतो, पण त्याला हात लावायचा नाही असं मॅनेजरला सांगून ठेवलेलं आहे. २० म्हणजे अनअव्हेलेबल: मॅनेजर सांभाळायला तयार आहे, पण खालून काहीतरी अडलं आहे. ३० म्हणजे डिसकनेक्टेड: खालचं सगळं ठीक, फक्त जोडणी चालू केलेली नाही. १०० झालं की जोडलं गेलं. आकडा बघायचा तर ‘एनएमसीएलआय -एफ जनरल.स्टेट डिव्हाइस शो ईएनपी३एस०’.

म्हणून २० दिसत असताना आयपी पत्ता, डीएनएस, गेटवे यांत वेळ घालवू नका. तो मजला अजून आलेलाच नाही. वायरच्या इंटरफेसला २० दिसलं तर जवळजवळ नेहमी ‘कॅरियर’ नसतो, म्हणजे समोरच्या टोकाचा सिग्नल पोचत नाही. वायफायला २० दिसलं तर रेडिओ बंद केलेला असतो, नाहीतर डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायची जोडणी आणि पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम) चालू नसतो. आणि दोन नंबरसारखा इंटरफेस यादीतच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा, नाहीतर कार्ड खरंच गेलेलं.

एवढं पाठवा:
एक नंबरवर ‘आयपी -बीआर लिंक’ आणि ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’.
दोन नंबरवर ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधला ईथरनेटचा भाग आणि ‘युनेम -आर’ (कोणता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू आहे ते).
लॅपटॉपवर ‘आरएफकिल लिस्ट’.

डेबियनवर ईथटूल नसेल आणि नेटही नसेल, तर ‘कॅट /सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०/कॅरियर’. उत्तर १ म्हणजे सिग्नल आहे, ० म्हणजे नाही. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर घाबरू नका. इंटरफेस अजून ‘अप’च केलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप’ करून, चार-पाच सेकंद थांबून परत वाचा.

आठ_तारा

टर्मिनल बघताच आहात तर स्विचवरचे आणि कार्डाच्या खाचेतले दिवेही बघा. कोणत्या पोर्टचा दिवा बंद आहे ते नंबरासकट लिहा. केबल हलवण्याआधी कोणती कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार केबली उपसल्यावर कोणती कुठली होती ते कोणालाच आठवत नाही.

वाचनालय_घाटंजी

ताई, भाऊ, आउटपुट असं:

एक नंबर: ईएनपी३एस० डाउन, पुढे कंसात नो-कॅरियर, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप. ईथटूलमध्ये स्पीड अननोन, डुप्लेक्स अननोन, शेवटी ‘लिंक डिटेक्टेड: नो’. केबल स्विचच्या ३ नंबर पोर्टला आहे आणि तिथला दिवा बंद.

दोन नंबर: एलएसपीसीआयमध्ये रियलटेक आरटीएल८१११/८१६८, आयडी १०ईसी:८१६८. त्याखाली ‘कर्नल मॉड्यूल्स: आर८१६९’ ही ओळ आहे. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही. युनेममध्ये आधीपेक्षा नवा कर्नल दिसतो.

लॅपटॉप: फाय०, वायरलेस लॅन, सॉफ्ट ब्लॉक्ड येस, हार्ड ब्लॉक्ड नो.

रोहिणी_नक्षत्र

छान, यात तिन्हींची उत्तरं आहेत. लॅपटॉप सगळ्यात सोपा, त्याचं आधी करून टाका. ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’, मग ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन’. हा सॉफ्ट ब्लॉक विजेने लागत नाही. विमान-मोडची कळ दाबली गेली की लागतो, आणि सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) ती अवस्था /व्हार/लिब/सिस्टमडी/आरएफकिल मध्ये जपून ठेवतो. त्यामुळे रीस्टार्ट करूनही तो तसाच राहतो. हार्ड ब्लॉक्ड येस असतं तर मात्र कमांडने काहीच झालं नसतं. तिथे बाजूचा खटका किंवा एफएन कळच लागते.

आता एक नंबर. कंसातले शब्द नीट वाचा, कारण त्यातले दोन महत्त्वाचे आहेत. ‘अप’ आहे, म्हणजे लिनक्सने आपल्या बाजूने दार उघडलं आहे. ‘नो-कॅरियर’ आहे, म्हणजे बाहेरून कोणी आलेलं नाही. कंसात ‘अप’ नसतं तर दोष आपल्या सेटिंगमध्ये शोधला असता. सगळं ठीक असेल तेव्हा तिथे ‘लोअर_अप’ दिसतं.

ड्रायव्हर लागलेला आहे, कार्ड पीसीआयवर बोलतं आहे. तरीही कार्डाचा बाहेरचा भाग, म्हणजे पोर्टमागची सिग्नलची चिप, जळालेली असू शकते. विजेच्या झटक्यात असं होतं: एलएसपीसीआयला कार्ड दिसतं, पण लिंक कधीच लागत नाही. म्हणून आता अदलाबदल करून बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एक नंबरचा सीपीयू उचलून स्विचपाशी आणा. एक मीटरची चांगली पॅच कॉर्ड (छोटी तयार केबल) घ्या. आधी ३ नंबर पोर्टला, मग ५ नंबरला लावा. दोन्ही वेळा ‘कॅरियर’ वाचा. ५ ला १ आलं तर कार्ड चांगलं. त्यानंतर सीपीयू जागेवर नेऊन जुनीच लांब केबल ५ नंबरला जोडून बघा. समोर स्विच नसेल तर दुसऱ्या लॅपटॉपला थेट जोडूनही लिंक तपासता येते. गिगाबिट कार्डांना उलट्या जोडणीची वेगळी केबल लागत नाही.

आणि त्याआधी एकदा: मशीन शटडाउन करा, पिन बोर्डातून काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. नुसत्या रीस्टार्टने कार्डाचा वीजपुरवठा तुटत नाही, कारण मशीन बंद असतानाही स्टँडबायची वीज कार्डाला मिळत असते. लाइन आल्या-गेल्यावर अडकलेली चिप कधीकधी एवढ्यानेच सुटते.

पळसबन

मी म्हणतो एवढं कशाला? ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’ करा. नाहीच झालं तर जुनी कनेक्शनं डिलीट करून नवीन बनवा. बऱ्याचदा होऊन जातं.

रोहिणी_नक्षत्र

पळसबन भाऊ, रीस्टार्टने नुकसान नाही, पण सिग्नल नसताना तो रीस्टार्टने येणार नाही. कनेक्शन डिलीट करणं मात्र मी टाळेन. त्यात स्थिर आयपी, गेटवे, डीएनएस लिहिलेले असतात. केबल दुरुस्त झाल्यावर आपोआप जुळलं असतं, ते मग परत हाताने भरावं लागतं. या अवस्थेत नवीन कनेक्शन चालू करायला गेलात तर मॅनेजर स्वतःच सांगतो की डिव्हाइसला कॅरियर नाही. ती ओळ पुढे ढकलून देऊ नका, तेच निदान आहे.

रीस्टार्टचा उपयोग ‘अनमॅनेज्ड’ असेल तेव्हा होतो, तोही फाइल बदलल्यावर. डेबियनमध्ये /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत ईएनपी३एस० चं नाव असेल तर नेटवर्क मॅनेजर त्याला हात लावत नाही. एलओच्या ओळी ठेवून बाकीच्यांपुढे # लावायचा आणि मग रीस्टार्ट करायचा.

मेळघाट_टर्मिनल

दोन नंबरवर मी लिहितो, कारण लाइन सारखी जाते अशा गावांत हा प्रकार फार होतो आणि कार्ड गेलं समजून लोक नवीन घेऊन येतात.

एलएसपीसीआयला कार्ड दिसतं, म्हणजे कार्ड निदान मशीनशी बोलतं आहे. ‘ड्रायव्हर इन यूज’ ओळ नाही, म्हणजे त्याला चालवणारं कोणी नाही. त्यात अपडेट मधेच तुटलेलं आणि कर्नल नवा. माझा अंदाज आहे की या मशीनवर पूर्वी कोणीतरी आर८१६८-डीकेएमएस हे पॅकेज टाकलेलं आहे. त्याचं काम असं: कर्नलसोबत येणाऱ्या आर८१६९ ड्रायव्हरला ते ब्लॅकलिस्टमध्ये टाकतं, आणि आपला आर८१६८ प्रत्येक नव्या कर्नलसाठी जागेवर कंपाइल करतं. कंपाइल व्हायला त्याच कर्नलच्या हेडर फाइली लागतात. मधेच लाइन गेली, हेडर उतरले नाहीत किंवा कंपाइल अर्धवट राहिलं, तर नवा ड्रायव्हर नाही आणि जुन्याला मनाई. मधल्या मध्ये इंटरफेस गायब.

खात्री अशी करा:
‘डीकेएमएस स्टेटस’: आर८१६८ समोर फक्त जुन्या कर्नलचा नंबर दिसेल.
‘ग्रेप -आर आर८१६९ /ईटीसी/मोडप्रोब.डी/’: ब्लॅकलिस्टची ओळ सापडेल.

आता नेट नसतानाची युक्ती. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप लागण्याला अडवते. नाव घेऊन बोलावलं तर मॉड्यूल येतं. म्हणून ‘सुडो मोडप्रोब आर८१६९’ द्या आणि लगेच ‘आयपी -बीआर लिंक’ बघा. इंटरफेस दिसायला पाहिजे. ‘मॉड्यूल नॉट फाउंड इन डिरेक्टरी’ असं आलं तर नव्या कर्नलचे मॉड्यूल अर्धवट उतरले आहेत. मग रीस्टार्ट करून ग्रबच्या (मशीन चालू होतानाच्या मेनूच्या) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. म्हणूनच उबुंटू मागचा कर्नल ठेवतो, जागा कमी म्हणून तो पुसू नका.

दोन्ही जमलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून यूएसबी टिथरिंग चालू करा. यूएसबी०, नाहीतर ईएनएक्सच्या पुढे लांब नंबर असलेला नवीन इंटरफेस येईल. पुढच्या कामाला तेवढं नेट पुरतं.

नेट आल्यावर क्रम चुकवू नका. आधी ‘डीएफ -एच /बूट’. जागा १०० टक्के भरलेली असेल तर पुढचं सगळं परत अर्धवट राहील. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे तुटलेलं अपडेट तिथूनच पुढे चालू होईल. मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. शेवटी ठरवा की आर८१६८ ची गरज आहे का. नव्या कर्नलमधला आर८१६९ या कार्डाला पुरेसा चांगला चालतो, म्हणून मी ‘सुडो ॲप्ट पर्ज आर८१६८-डीकेएमएस’ आणि मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ (मशीन चालू होताना लागणारी फाइल नव्याने बनवणं) सुचवेन. बाहेरून आणलेला ड्रायव्हर म्हणजे दर अपडेटला एक जोखीम, आणि जिथे अपडेट चालू असताना लाइन जाते तिथे ती दुप्पट.

वाचनालय_घाटंजी

मेळघाट भाऊ, अगदी तसंच निघालं. डीकेएमएसमध्ये जुनाच कर्नल होता, ब्लॅकलिस्टची फाइलही सापडली. मोडप्रोब दिल्याबरोबर ईएनपी२एस० आला आणि दहा सेकंदांत नेट चालू. /बूट ६१ टक्के भरलेलं आहे. डीपीकेजीने सात पॅकेजं पूर्ण केली. आर८१६८ काढलं, इनिटरॅमएफएस केलं, दोनदा रीस्टार्ट करून पाहिलं, दोन्ही वेळा इंटरफेस आपोआप आला.

एक शंका आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या निरोपांत) फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड झालं नाही अशी एक ओळ दिसते, शेवटी -२ आहे. काही करायचं का?

लॅपटॉपचा ब्लॉक निघाला, पण तो अजून अनअव्हेलेबलच दाखवतो.

मेळघाट_टर्मिनल

-२ म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. या वायरच्या कार्डात फर्मवेअर नसलं तरी ते बहुतेक वेळा चालतं. तरीही नीट असावं म्हणून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर’. डेबियनवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-रियलटेक, आणि १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात आहे. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्टमध्ये तो शब्द नसेल तर पॅकेज सापडणार नाही. वायफायच्या कार्डाचं मात्र असं नाही. तिथे फर्मवेअर नसेल तर अनेकदा इंटरफेस तयारच होत नाही.

रोहिणी_नक्षत्र

लॅपटॉपवर इंटरफेस दिसतो आणि ब्लॉकही निघाला. म्हणजे उरला सप्लिकंट. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ बघा. इनॲक्टिव्ह असेल तर स्टार्ट करा. ‘मास्क्ड’ लिहिलेलं असेल तर आधी ‘सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क डब्ल्यूपीए_सप्लिकंट’, मग नेटवर्क मॅनेजर रीस्टार्ट. मॅनेजरला वायफायवर काही करायचं तर सप्लिकंटमार्फतच करावं लागतं. तो नसेल तर रेडिओ चालू असूनही २० च राहतं. काय अडलं ते ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर’मध्ये डब्ल्यूएलपी२एस० च्या ओळी वाचल्या की स्पष्ट दिसतं.

वाचनालय_घाटंजी

मास्क्डच होतं, ताई. अनमास्क केलं, मॅनेजर रीस्टार्ट केला, वायफाय लागलं. लॅपटॉप संपला.

एक नंबरची अदलाबदल केली. पॅच कॉर्डने ३ नंबर पोर्टला कॅरियर ०. ५ नंबरला कॅरियर १, स्पीड १०००. म्हणजे कार्ड चांगलं, स्विचचा ३ नंबर पोर्ट गेला. मग सीपीयू अभ्यासिकेत नेऊन जुनी केबल ५ नंबरला लावली. लिंक लागली, पण एकदा गेली, परत आली. आता स्पीड १०० दाखवते. डीमेसेजमध्ये ‘डाउनशिफ्ट ऑकर्ड’, १ जीबीपीएसवरून १०० एमबीपीएस, ‘चेक केबलिंग’ अशी ओळ आहे. ही केबल पूर्वीपासूनच अशी होती की परवा झाली, कसं कळेल?

आठ_तारा

जर्नल (मशीनची नोंदवही) साठवलेलं असेल तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -५’ असं करत मागच्या बूटचे निरोप काढा आणि ‘डाउनशिफ्ट’ शोधा. पावसाआधीच्या तारखेला ती ओळ सापडली तर केबल आधीपासूनच खराब होती.

ओळीचा अर्थ असा. १०० च्या लिंकला दोन जोड्या पुरतात, १-२ आणि ३-६ या पिनांच्या. १००० ला चारही जोड्या लागतात. स्पीड ठरवण्याची बोलणी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच होते. म्हणून दोन्ही टोकं १००० वर राजी होतात, प्रत्यक्षात निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असते, लिंक पडते, परत लागते, आणि शेवटी चिप १०० वर उतरते. प्रत्येक चिप असं उतरत नाही. काही नुसत्याच लागत-पडत राहतात आणि एनएमसीएलआयमध्ये अनअव्हेलेबल, कनेक्टिंग, अनअव्हेलेबल असा खेळ दिसतो.

टिनावरून गेलेली केबल घरातली पांढरी किंवा राखाडी असेल तर तिचं पीव्हीसीचं साल आपल्या नवतप्यात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. मग मृगाचं पाणी आत शिरतं. पाणी उतारावरून प्लगपर्यंत येतं आणि तांबं हिरवं पडतं. टिनाच्या कडेवर वाऱ्याने घासूनही जोडी तुटते. आधी ती कड आणि झाडाचा टेका बोटांनी चाचपा. केबल तिथे पिचलेली लागली तर प्लग बदलून फायदा नाही.

प्लग बदलायचे तर दोन्ही टोकांकडून निदान एक हात केबल कापून टाका. कापलेलं तोंड बघा. तांबं लखलखीत लाल पाहिजे, काळपट किंवा हिरवट असेल तर अजून कापा. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तशी केबल कितीही छान क्रिंप केली तरी उन्हा-थंडीत सांधा ढिला होतो. ती बदलाच.

साल ३ सेंटिमीटर सोला, आतल्या तारेला ब्लेड लागू देऊ नका. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. लोक चुकतात ती जागा म्हणजे हिरवी जोडी. ती निळ्या जोडीच्या दोन बाजूंना फाकते. आठ तारा रंगांच्या ओळीने शेजारी-शेजारी लावल्या तर दिवा कधीकधी लागतोही, पण ३-६ ची जोडी फुटलेली असते आणि लांब केबलवर चुका होत राहतात. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. तारा सरळ करून एका रेषेत कापा. प्लगमध्ये घातल्यावर समोरच्या काचेसारख्या तोंडातून आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, आणि बाहेरचं साल प्लगच्या मागच्या दाबपट्टीखाली गेलेलं पाहिजे. साल बाहेर राहिलं तर ओढ तारांवर येते आणि महिन्याभरात परत हेच.

लांबीचंही सांगतो. १०० मीटरचा हिशोब २० अंश सेल्सियसला धरलेला आहे. तापमान वाढलं की सिग्नल जास्त झिजतो. आपल्याकडे मे महिन्यात टिनावर केबल पडली असेल तर ८० मीटरच्या पुढे मी जाणार नाही. तुमचे ४५ ठीक आहेत.

वाचनालय_घाटंजी

टिनाच्या कडेवर केबल ठीक होती. स्विचकडचा प्लग काढला तर तपकिरी जोडी हिरवी पडलेली, हात लावताच तुटली. तिथून दीड हात कापल्यावर स्वच्छ तांबं लागलं, खरवडून पाहिलं तर आतही लाल. दोन्ही प्लग नवीन लावले. आता स्पीड १०००, लिंक डिटेक्टेड येस. मागच्या बूटच्या जर्नलमध्ये मे महिन्यातच डाउनशिफ्टची ओळ सापडली, म्हणजे केबल आधीपासूनच तशी होती.

लिंक पडते की नाही यावर लक्ष कसं ठेवायचं? दिवसभर कोणी बसून राहणार नाही.

रोहिणी_नक्षत्र

बसायची गरज नाही, कर्नल मोजतोच. ‘कॅट /सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०/कॅरियर_चेंजेस’ हा आकडा लिहून ठेवा. लिंक पडली की एक, परत लागली की आणखी एक. रात्रभरात आकडा तेवढाच राहिला तर केबल पक्की. वाढला तर ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘लिंक इज डाउन’च्या वेळा बघा. सोबत ‘आयपी -एस लिंक शो ईएनपी३एस०’मध्ये आरएक्सखालचा (आलेल्या माहितीतला) एरर्सचा आकडा बघा. लिंक लागून आहे पण एरर्स वाढताहेत, तर प्लग परत तपासा.

पळसबन

कार्ड वाचलं हे छान झालं. पण पुढच्या कडकडाटात हाच पोर्ट किंवा कार्ड जाणारच ना? त्याला काय इलाज?

आठ_तारा

दोन इमारतींच्या मधे तांबं ठेवायचंच नाही, हा इलाज. ईथरनेट पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन १५०० व्होल्टच्या चाचणीचं असतं. जवळपास वीज पडली तर उघड्यावरच्या ४५ मीटर तारेत त्यापेक्षा कितीतरी जास्त दाब उठतो. थेट केबलवर पडायची गरज नसते. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, त्यातला फरक त्याच केबलमधून वाट शोधतो.

फायबरची ड्रॉप केबल घ्या आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची तार जोडून देणारे डबे). एका धाग्याची जोडी घेताना एक ए आणि एक बी असंच घ्या. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ए आले तर पॉवरचे दिवे लागतील, फायबरचा दिवा कधीच लागणार नाही. आणि ड्रॉप केबलीला टांगण्यासाठी जी स्टीलची तार असते ती खोलीत आणू नका. भिंतीबाहेरच हुकाला बांधून तिथेच तोडा, आत फक्त फायबरचा भाग जाऊ द्या. नाहीतर काच टाकूनही लोखंडाची वाट उघडीच राहते. काही ड्रॉप केबलींत फायबरच्या दोन्ही बाजूंनाही बारीक पोलादी तारा असतात. मिळत असेल तर आत फायबर-ग्लासच्या काड्या असलेली, बिनधातूची मागा.

तोपर्यंत ढग भरून आले की दोन्ही टोकांचे प्लग उपसून ठेवा. नुसता बोर्डाचा खटका बंद करून भागत नाही, झटका लॅनच्या तारेतूनच येतो.

मेळघाट_टर्मिनल

आणि स्विचच्या मेलेल्या ३ नंबर पोर्टवर आजच चिकटपट्टी लावा. सहा महिन्यांनी कोणीतरी त्यात केबल लावेल आणि ही चर्चा पहिल्यापासून सुरू होईल.

वाचनालय_घाटंजी

चिकटपट्टी लावली, वर ‘बंद’ लिहिलं. फायबरची बिनधातूची ड्रॉप केबल ६० मीटर आणि ए-बी जोडी यादीत घेतली.

कालचा हिशोब: रात्री नऊला कॅरियर_चेंजेस ६, आज सकाळी सातला १०. एरर्स ०. जर्नलमध्ये ‘लिंक इज डाउन’ दोनदाच, १:४० ला आणि ४:१५ ला, दोन्ही वेळा थोड्या मिनिटांत परत अप.

रोहिणी_नक्षत्र

त्या दोन्ही वेळी लाइन गेली होती का? मशीन इन्व्हर्टरवर आणि स्विच साध्या बोर्डावर असेल तर बरोबर असाच आकडा येतो: प्रत्येक वेळी दोन, दोनदा मिळून चार.

वाचनालय_घाटंजी

हो ताई, दोन्ही वेळा लाइन गेली होती. अभ्यासिकेचं मशीन इन्व्हर्टरवर आहे, स्विच आणि फायबरचा डबा कूलरच्या बोर्डावर होते. दोन्हींचे ॲडॉप्टर आत्ताच इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतले. आकडा आता १४ वर आहे, दोन ॲडॉप्टर चाचणीला काढले-लावले त्याचे धरून. उद्या सकाळी सातला परत वाचून इथे टाकतो.

आठ_तारा

फायबरचा डबा काढला-लावला त्याने अभ्यासिकेचा आकडा वाढत नाही भाऊ, तो फक्त स्विचने वाढतो. स्विच दोनदा बंद-चालू झाला असेल तर १४ बरोबर. एकदाच केला असेल तर वाचनालयाकडचा नवा प्लग परत दाबून बघा.

वाचनालय_घाटंजी

स्विच दोनदाच. पहिल्यांदा ॲडॉप्टरची पिन ढिली बसली होती.